विज्ञान, इतिहास आणि गावासाठी काम, तिन्ही एका सहलीत: जुन्नरचा बेत जमेल का?

फळा_खडू | ५ ऑगस्ट, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. मी डोंबिवलीतल्या एका अनुदानित शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवते. दिवाळीनंतर सहल न्यायचीय, ४४ मुलं, तीन दिवस दोन रात्री, आणि ह्या वेळी ती मला मनापासून नीट करायचीय म्हणून धागा काढतेय.

आधी दोन वर्षांपूर्वीचं सांगते. एका टूरवाल्यांनी विज्ञान, संस्कृती, सेवा असं तिन्ही असलेलं पॅकेज दिलं आणि आम्ही घेतलं. दोन दिवसांत सात ठिकाणं. तारांगण पाऊण तास, किल्ला पायथ्यावरून, एक देऊळ, मग जेवण, आणि सेवा म्हणजे एका आश्रमशाळेत चाळीस मिनिटं. आमच्या मुलांनी रांगेत उभं राहून तिथल्या मुलांना वह्या आणि बिस्किटाचे पुडे दिले, फोटो झाले. तिथली एक मुलगी, सहावीतली असेल, दोन वेण्या, लाल रिबिनी, तिने वही घेतली, मागची पुढची पानं चाळली आणि आमच्या मुलीला विचारलं, "तुमाला लंगडी येती का?" आमची म्हणाली हो येते. तेवढ्यात बसचा हॉर्न. बसमधे बसल्यावर आमची मुलगी मला म्हणाली, बाई, एक डाव तरी खेळून यायला हवं होतं. ते वाक्य अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

तर आता मनात जुन्नर तालुका आहे. खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण म्हणजे जीएमआरटी, शिवनेरी, नाणेघाट, लेण्याद्री, नारायणगावची तमाशाची परंपरा, सगळं एका तालुक्यात आणि आमच्याकडून माळशेजमार्गे जवळ. अडतंय ते सेवेपाशी. झाडं लावायची म्हटलं तर डिसेंबरात लावलेलं झाड जगवणार कोण? साफसफाई म्हटलं तर आपणच जाऊन केलेला कचरा आपणच उचलल्यासारखं होतं. त्या भागातलं कुणी इथे आहे का? गावाला खरंच कशाची गरज असते?

आबा_गुरुजी | ५ ऑगस्ट, रात्री ११:२५

बाई, चांगला विषय काढलात. मी ३१ वर्षं सहली नेल्या, त्यातलं कामाचं तेवढं सांगतो. शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी, पालकांची संमतीपत्रं, मुली आहेत तर शिक्षिका, साधारण दहा मुलांमागे एक मोठं माणूस, हे सगळं आत्ताच सुरू करा. गाडी खासगी घेऊ नका, एसटीचा प्रासंगिक करार करा, म्हणजे अख्खी गाडी भाड्यानं घ्या, शालेय सहलीला निम्म्या भाड्याची सवलत मिळते. पण दिवाळीनंतर आगारात सगळ्या शाळांची झुंबड उडते आणि गाड्या संपतात, म्हणून गणपतीच्या आधी अर्ज टाका.

आणि ठिकाणं कमी करा. तीन दिवसांत तीन गोष्टी पुरेत.

कुकडीकाठ | ६ ऑगस्ट, सकाळी ७:१०

ताई, मी जुन्नरचाच, पश्चिम पट्ट्यातला, नाणेघाटाच्या अलीकडचं गाव. तुम्ही विचारलंत की गावाला काय हवं, हे विचारणारेच कमी असतात म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्याकडे पावसाळ्यात चार महिने पाऊस नुसता कोसळतो, भातखाचरं तुडुंब, आणि होळी झाली की बायका हंडे घेऊन डोंगर उतरतात. एवढा पाऊस पडतो तो सगळा ओढ्यानं खाली जातो. खालच्या अंगाला कुकडी प्रकल्पाची धरणं आहेत, माणिकडोह, वडज, येडगाव, पिंपळगाव जोगे, डिंभे, पण आम्ही वर राहणारे, आमच्या हाताला त्यातलं पाणी लागत नाही. म्हणून आमचं काम म्हणजे वनराई बंधारा. ओढ्यात पाणी अजून वाहतंय पण जोर ओसरलाय अशा दिवसांत, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे, रिकाम्या सिमेंटच्या गोण्यांत माती-वाळू भरायची, तोंड सुतळीनं शिवायचं आणि विटा रचतात तशा सांधेमोड करून ओढ्यात आडव्या रचायच्या. गोणी गच्च भरायची नाही, पाऊण भरायची, म्हणजे ती बसते, दबते, शेजारचीला चिकटते. गच्च भरली की गोल होते आणि गोल गोण्यांमधून पाणी निघून जातं. पहिल्यांदा करणारे सगळे तीच चूक करतात. फटीत गवत आणि चिखल कोंबायचा. तीन-चार फूट उंची पुरते. ते पाणी पुढे दोन-तीन महिने गुरांना, धुण्याला, थोड्या हरभऱ्याला मिळतं आणि खालच्या विहिरीला पाझरतं.

४४ मुलं आणि गावची पंधरा-वीस माणसं असली तर एका दिवसात होतो. पण जागा गाव ठरवणार, तुम्ही नाही. काठ पक्का हवा, पात्र अरुंद हवं, आणि ज्याच्या शेतात पाणी तुंबणार त्याची परवानगी हवी. आधी एकदा येऊन जा, सरपंच आणि शाळेच्या गुरुजींशी बसा. मी गाठ घालून देतो.

फळा_खडू | ६ ऑगस्ट, सकाळी ८:०२

दादा, हेच हवं होतं! पाऊण गोणीचं तर वहीत लिहून घेतलं. सप्टेंबरातल्या एका रविवारी मी आणि आमचे भूगोलाचे सर येऊन जातो.

तबकडी_४५ | ६ ऑगस्ट, दुपारी १:३०

खोडदबद्दल मी लिहितो, शिकत असताना तिथे काही महिने काढलेत.

एकूण ३० तबकड्या (डिश अँटेना), प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. १४ तबकड्या मधल्या साधारण एक किलोमीटरच्या भागात आणि उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन भुजांवर पसरलेल्या, शेताशिवारात, टोमॅटोच्या आणि उसाच्या रानांमधे. टोकापासून टोक २५ किलोमीटर. सगळ्यांचे सिग्नल ऑप्टिकल फायबरने एकत्र आणून जुळवतात, म्हणून बारकावे टिपण्यापुरती ती २५ किलोमीटरच्या एका दुर्बिणीसारखी वागते. मुलांना आधी हे समजावून न्या, नाहीतर ती एक मोठी छत्री बघून परत येतात.

दुसरं म्हणजे जाळी. ह्या तबकड्या पत्र्याच्या नाहीत, स्टीलच्या बारीक तारेच्या जाळीच्या आहेत, भोकं १० ते २० मिलिमीटरची. ही रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या टीमची कल्पना, दोरांच्या सांगाड्यावर ताणून बसवलेली जाळी. ज्या रेडिओ लहरी पकडायच्या त्यांची लांबी २१ सेंटिमीटर आणि त्याहून जास्त, त्यामुळे लहरीला ती जाळी आरशासारखीच. वारा मात्र आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका चालतो आणि खर्च वाचतो. ४५ मीटरचा भरीव पत्रा आपल्या वाऱ्यात उभा ठेवायचा तर किती लोखंड लागेल विचार करा.

वर्गात करता येण्यासारखा प्रयोग: कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी आणा, बूट ठेवायच्या खोक्याएवढी पेटी करा, कडा एकमेकांवर नीट चढवा, आत एफएम लावलेला छोटा ट्रान्झिस्टर ठेवून झाकण बंद करा. गाणं जाऊन खरखर येते. झाकण उघडलं की गाणं परत. आतला रेडिओ दिसतोय, हवा खेळतेय, पण लहर आत शिरत नाही. हे करून नेलेल्या मुलाला खोडदची जाळी वेगळी दिसते.

मोबाईल पूर्ण बंद ठेवावे लागतात. दुर्बीण साधारण १५० ते १४५० मेगाहर्ट्झमधलं ऐकते आणि मोबाईलचा ९०० मेगाहर्ट्झचा पट्टा बरोबर त्याच्या मधे येतो. लाखो प्रकाशवर्षांवरून आलेली कुजबूज ऐकायची आणि कानाशी कुणीतरी ओरडतंय, तसं होतं. मी होतो तेव्हा भेटी शुक्रवारी असायच्या, आधी लेखी परवानगी घेऊन. आताचे नियम त्यांच्या वेबसाइटवर बघून घ्या. आणि २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथे मोठं प्रदर्शन भरतं, शाळांची मुलं आपापले प्रकल्प मांडतात, पण तेव्हा गर्दी असते, शांतपणे विचारता येत नाही.

ओवीची_आई | ७ ऑगस्ट, रात्री ९:१५

बाई, तुमची तळमळ कळते. पण आई म्हणून दोन शंका आहेत, राग मानू नका. एक, बिबट्या. रोज बातम्या येतात जुन्नरच्या, माझा तर जीव वर-खाली होतो. दुसरं, नारायणगाव आणि तमाशा. आठवी-नववीच्या मुलींना तिथे न्यायची खरंच गरज आहे का? संस्कृती दाखवायला शिवनेरी आहे, लेणी आहेत.

कुकडीकाठ | ७ ऑगस्ट, रात्री १०:००

ताई, बिबट्याची भीती रास्त आहे, आम्ही त्यातच राहतो. त्याचा जोर जास्त करून पूर्वेकडच्या उसाच्या पट्ट्यात. धरणं झाली, कालवे आले, ऊस आला आणि उसात बिबट्याला लपायला, पिल्लं वाढवायला बारा महिने जागा झाली. उसात जन्मलेल्या बिबट्याला ऊसच घर. तोड सुरू झाली की तो उघड्यावर येतो, आणि तोडीचा हंगाम नेमका सहलीच्या दिवसांत. म्हणून नियम साधे: अंधार पडायच्या आत मुक्कामी, उसाच्या कडेनं चालायचं नाही, बाहेर एकटं कुणी जायचं नाही, आणि मुलांना उघड्यावर खाली बसू किंवा ओणवं होऊ द्यायचं नाही, कारण बसलेला माणूस त्याला लहान जनावरासारखा दिसतो. मुक्काम आमच्या शाळेत पक्क्या खोल्यांत करा, संडास शेजारीच आहे. वन खात्याच्या लोकांना एक तास बोलवा, ते मुलांशी छान बोलतात. हेही विज्ञानच की.

ढोलकी_नारायणगाव | ७ ऑगस्ट, रात्री ११:४०

ओवीच्या आईंना मनापासून उत्तर देतो, माझ्या घरात तीन पिढ्या ढोलकी आहे.

ताई, नारायणगावला तमाशापंढरी म्हणतात ते उगाच नाही. जत्रांचा हंगाम जवळ आला की इथे फडांच्या, म्हणजे तमाशा मंडळांच्या, राहुट्या लागतात आणि गावोगावचे लोक येऊन सुपारी देऊन तमाशा ठरवतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर इथल्याच मातीतल्या. राष्ट्रपतींच्या हातून त्यांचा सन्मान झाला, आज तमाशातल्या जीवनगौरवाचा राज्य सरकारचा पुरस्कार त्यांच्या नावाने आहे. ही कला मांग, महार, कोल्हाटी ह्या समाजांनी पोटाला चिमटा काढून जगवली आणि तिच्याकडे बघायची नजर मात्र लोकांनी बिघडवली. मुलांना रात्रीच्या खेळाला नेऊच नका, कोण सांगतंय. तसंही दिवाळीनंतर फड दौऱ्यावर असतात. पण थकलेले कलावंत गावात असतात. त्यांना दुपारी दोन तास मुलांसमोर बसवा. गण म्हणजे काय, गौळण म्हणजे काय, बतावणीत हजरजबाबीपणा कसा लागतो, वग कसा उभा राहतो. ढोलकीच्या शाईच्या बाजूचा आणि धुमाच्या बाजूचा आवाज वेगळा का, हे तर तुमच्या विज्ञानाच्या बाईंनीच समजावून सांगावं. आणि मानधन द्या. हार-नारळ नको, मानधन.

ओवीची_आई | ८ ऑगस्ट, सकाळी ७:३०

दादा, वाचून गप्प बसले थोडा वेळ. असा कार्यक्रम असेल तर ओवी येईल. मानधनासाठी माझ्याकडून ५०० रुपये धरा.

न्यूजर्सीकर_मावशी | ८ ऑगस्ट, सकाळी ९:०५

माझी भाची इथल्या शाळेतून कोस्टारिकाला नऊ दिवस गेली होती, समुद्री कासवांच्या किनाऱ्यावर. रात्री किनाऱ्यावर गस्त, अंडी मोजणं, सकाळी किनारा साफ, स्थानिक घरात राहणं. खर्च खूप होता, आम्हाला परवडला, सगळ्यांना नाही परवडत. पण तिला सगळ्यात जास्त काय लक्षात राहिलं विचारलं तर म्हणाली, ज्या घरात राहिले त्या आजींनी मला भात करायला शिकवला. घरच्यासारखं राहणं ठेवा तुमच्या सहलीत. असंच आपल्याकडे रत्नागिरी जिल्ह्यात वेळासला आहे ना, कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात ते? तिथे गावकऱ्यांच्या घरीच उतरायचं असतं. पुढच्या वर्षीसाठी लक्षात असू द्या.

ब्राह्मी_ते_मोडी | ८ ऑगस्ट, दुपारी ३:२०

नाणेघाटाबद्दल एकच सांगतो, पण ते गणिताच्या शिक्षकांपर्यंत पोचवा.

तिथल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, ब्राह्मी लिपी, प्राकृत भाषा, दोन हजारांवर वर्षं जुना. त्यात यज्ञ केले आणि दक्षिणा म्हणून किती गाई, किती घोडे, किती कार्षापण (त्या काळची नाणी) दिले ते आकड्यांत लिहिलंय. आपल्या देशातले जे फार जुने लिहिलेले आकडे आहेत त्यांत हे येतात. मुलांना दाखवायची गंमत ही की त्यात शून्य नाही आणि स्थानाची किंमतही नाही. दहाला वेगळी खूण, शंभराला वेगळी, हजाराला वेगळी. सतराशे म्हणजे हजाराची खूण आणि शेजारी सातशेची खूण. आधी वर्गात फळ्यावर त्या खुणा काढून त्यांत बेरीज करायला सांगा, मुलं घामाघूम होतात. मग भिंतीपुढे उभी राहिली की शून्य काय चीज आहे ते न सांगता कळतं.

लेण्याशेजारी खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत, जुन्या लेखांत त्यांना पोढी म्हणतात. कोकणातून घाट चढून आलेल्या बैलांच्या तांड्याला आणि माणसांना पाणी. घाटमाथ्यावर मोठा दगडी रांजण आहे, जकातीची नाणी त्यात टाकत असं सांगतात. अक्षरांना हात लावू देऊ नका, खडूनं गिरवू तर मुळीच देऊ नका.

फळा_खडू | ८ ऑगस्ट, रात्री १०:१५

हे वाचताना एकदम लक्षात आलं की सगळ्यात पाणीच आहे! नाणेघाटाची पोढी, शिवनेरीवरची गंगा-जमुना टाकी, धरणं आणि ऊस आणि बिबट्या, आणि आपला बंधारा. मला वाटतं सहलीचा धागा हाच धरावा. लेण्याद्री सोडून देते, शिवनेरी पुढच्या खेपेला सावकाश. शुक्रवारी खोडद आणि दुपारी कलावंत, शनिवार पूर्ण गावात, रविवारी नाणेघाट आणि परत.

आबा_गुरुजी | ९ ऑगस्ट, सकाळी ६:३०

शिवनेरी सोडायला धीर लागतो बाई, पालक विचारतील. पण बरोबर केलंत. एक सुचवू? कुकडीकाठ म्हणतात त्या गावातल्या शाळेची मुलं खोडदला सोबत घ्या. तालुक्यात जगातली एवढी मोठी दुर्बीण आणि डोंगरातल्या पोरांनी ती लांबून सुद्धा पाहिलेली नसते.

कुकडीकाठ | ९ ऑगस्ट, सकाळी ७:००

गुरुजी, पायाच पडतो तुमच्या. १८ मुलं आहेत सहावी-सातवीची. एकानेही पाहिलेली नाही.

फळा_खडू | ९ ऑगस्ट, सकाळी ७:२०

ठरलं. दर वर्षी वह्या-बिस्किटांना जेवढे पैसे गोळा होतात त्यात दोन जीपचं भाडं सुटतं.

फळा_खडू | ३ डिसेंबर, रात्री ११:५०

मंडळी, सोमवारी रात्री सुखरूप पोचलो (रविवारी निघायला उशीर झाला, अंधारात माळशेज नको म्हणून एक रात्र वाढवली, पालकांना फोन करून कळवलं). आज थोडं बसून लिहितेय, अंग अजून दुखतंय.

खोडदला गावची १८ मुलं जीपमधून उतरली ती आधी लांबच उभी राहिली. आमची मुलं पुढे पुढे, कारण त्यांनी वर्गात जाळीची पेटी केलेली, सगळं माहीत असल्यासारखी. मग माहिती देणाऱ्या सरांनी विचारलं, ही एवढी मोठी तबकडी जोराचं वारं आलं तर काय करत असेल? आमच्यातलं कुणी बोलेना. गावचा एक मुलगा मागून म्हणाला, "आभाळाकडं तोंड करून गप बसवत असतील. आम्ही पण वाऱ्यात पत्रा आडवाच ठेवतो." सर म्हणाले, अगदी बरोबर, वारा वाढला की तबकडी सरळ वर तोंड करून थांबवतात. त्यानंतर तो मुलगा सगळ्यांच्या पुढे होता.

दुपारी जे कलावंत काका आले त्यांचं वय सत्तरीच्या पुढे, बोटांना कंप होता, पण ढोलकीवर हात पडला की कंप जायचा. ओवी पहिल्या रांगेत होती.

बंधारा सांगते. २१० गोण्या. आम्ही पहिल्या तीस गोण्या गच्च भरल्या, एवढं वहीत लिहून घेऊन सुद्धा! गावातल्या एका मावशींनी येऊन एक शब्द न बोलता गोणीचं तोंड सोडलं, तीन घमेली माती काढली, परत शिवली आणि पायानं दाबून दाखवली. मग सगळ्या परत सोडल्या. मुलं माणसांच्या साखळीत उभी, गार पाणी घोट्याच्या वर, हात लाल झालेले. चार वाजेपर्यंत रचून झाला पण मधून एका ठिकाणी पाणी भळाभळा निघत होतं, कितीही गवत कोंबलं तरी. गावच्या मुलींनी आधी वरच्या अंगाला हातानं चाचपून फट नेमकी कुठे आहे ते शोधलं, मग चिखलात भाताचं तूस कालवून गोळे केले आणि तिथे आतून लावले. थांबलं. आमची मुलं तोपर्यंत खालच्या अंगानं बुजवत होती, पाणी ते लगेच ढकलून देत होतं. दाब कुठून येतो हे मी फळ्यावर किती वेळा शिकवलंय.

भूगोलाच्या सरांनी एका मोठ्या दगडावर गेरूनं रेघा मारून दिल्या, एकेका वितीवर. रविवारी सकाळी पाणी तिसऱ्या रेघेला होतं.

जेवण घराघरांत वाटून, चार-चार मुलं एका घरी. नाचणीची भाकरी, हरभऱ्याच्या पानांची भाजी. आणि हो, शनिवारी उजेड असेपर्यंत शाळेच्या अंगणात लंगडी. आम्ही हरलो.

तबकडी_४५ | ४ डिसेंबर, सकाळी ८:१०

पत्रा आडवा ठेवणाऱ्या त्या मुलाला माझ्याकडून एक छोटा रेडिओ पाठवायचाय. पत्त्यासाठी कुकडीकाठ यांना खासगी निरोप पाठवतो.

कुकडीकाठ | १७ डिसेंबर, रात्री ८:४५

कळवायला वाईट वाटतं पण सांगायला हवं, डाव्या काठाकडून माती खचून पाण्यानं वाट केली होती. काठाला गोण्या अजून हातभर आत घुसवायला हव्या होत्या, चूक आमचीच, जागा आम्ही दाखवली. गुरुजी, पोरं आणि चार जणांनी मिळून वीस गोण्या टाकून परवा बुजवलं. पाणी दुसऱ्या रेघेपर्यंत उतरलं होतं, आज परत तिसरीच्या खाली चार बोटं.

फळा_खडू | १७ डिसेंबर, रात्री ९:३०

दादा, बरं केलंत सांगितलंत. उद्या वर्गात हेच घेते, काठ का खचला. मुलं रोज विचारतात पाणी कुठवर आहे.

कुकडीकाठ | २२ फेब्रुवारी, सायंकाळी ६:१५

पहिली रेघ. पण पाणी आहे. गुरं येतात, सकाळी बायका धुणं घेऊन येतात. शाळेतली पोरं दर शनिवारी दगडाचा फोटो काढून बाईंना पाठवतात, सगळे ११ फोटो भिंतीवर लावलेत. खालच्या विहिरीत गेल्या साली ह्या दिवसांत तळ दिसत होता, ह्या साली दोन पुरुष पाणी आहे.

फळा_खडू | २२ फेब्रुवारी, रात्री १०:०५

११ फोटो आमच्याही वर्गात लागलेत, शेजारी मुलांनी आलेख काढलाय, तारीख आणि वीत. काठ खचला तिथे आलेखात खड्डा दिसतो.

गोण्या एका उन्हाळ्यात विरतात, म्हणजे येत्या दिवाळीला परत जायचंच आहे. आता नववीत आलेली मुलं दहावीत जातील, त्यांच्यातले सहा जण गोण्या रचायला शिकवायला येतो म्हणतायत, त्यांच्या आयांशी मी बोलतेय. आणि शिवनेरी त्या वेळी गावच्या मुलांसोबत. एक विनंती, डोंबिवली-कल्याण-ठाण्यात कुणाच्या इमारतीत काम चालू असेल तर रिकाम्या सिमेंटच्या गोण्या टाकून देऊ नका, तोंड न फाडता कडेनं दोरा ओढून उघडायला सांगा मिस्त्रींना. मी रिक्षा करून येऊन घेऊन जाईन. साधारण २५० लागतील, काठासाठी धरून.

ओवीची_आई | २२ फेब्रुवारी, रात्री १०:२०

आमच्या सोसायटीत गच्चीचं वॉटरप्रूफिंग चालू आहे. ४० आजच वाळत घातल्यात.